हुपरीहून आलेला लॅपटॉप

दुरुस्तीला लॅपटॉप घेऊन आलेला माणूस टेबलापलीकडे बसला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मॅडम, मी काय सुद्धा केलं न्हाय बरं का. आपोआप झालंय." वकील असो, दूध संस्थेचा सचिव असो, कॉलेजातली मुलगी असो, हे वाक्य चुकायचं नाही. मी मान डोलवायची आणि लॅपटॉप उघडायची. आत कीबोर्डखाली चहा वाळलेला असायचा, साखरेसकट. मी तो त्यांना दाखवायची नाही. दुरुस्तीच्या धंद्यात माणसाची लाज राखावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी तो लॅपटॉप दुसरीकडे नेतो.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं दुकान होतं. गेल्या पाडव्याला बोर्ड उतरवला, कारण बारीक स्क्रू आता डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्याआधी निम्मं आयुष्य मी त्या टेबलामागे काढलं. सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचं आणि विचारायचं, "साहेब कुठं हाईत?" साहेब घरी आमटीला फोडणी देतायत, असं मी सांगायची. ते खरंच असायचं. माझे यजमान शाळेत शिक्षक, दुपारी घरी यायचे आणि स्वयंपाक माझ्यापेक्षा चांगला करायचे. गिऱ्हाइकाला ती चेष्टा वाटायची आणि ते नाइलाजाने पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढायचं.

लोकांना वाटतं, हे काम करणारा माणूस थंड डोक्याचा असतो. मी नव्हते. मी स्वभावाने घाबरट. मशीन उघडताना माझी अवस्था डॉक्टरसारखी नसायची, बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकासारखी असायची. यात कुणाचा प्रबंध असेल, कुणाच्या गेलेल्या वडलांचे फोटो असतील, ते माझ्या हातून पुसले गेले तर? या भीतीने मला हळू काम करायला लावलं आणि हळू काम केल्यामुळे माझं नाव झालं. तेव्हा तक्रार नाही.

सगळ्यात जास्त भीती मला कॅमेऱ्याच्या कामाची वाटायची. पडद्याच्या वरच्या काळ्या पट्टीत, मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा तो कॅमेरा बसलेला असतो. त्याच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढा दिवा. कॅमेरा चालू झाला की दिवा लागतो. एवढीच वस्तू, पण तिचा बिघाड चार ठिकाणी असू शकतो. कॅमेराच मेलेला असेल. कॅमेरा जिवंत असेल, पण त्याला आत परवानगी नसेल. परवानगी असेल, पण दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रॅमने तो आधी धरून ठेवला असेल. नाहीतर कॅमेऱ्यासमोर नुसता आडोसा असेल. आजऱ्याच्या एका काजूवाल्या गृहस्थांनी दोन ठिकाणी लॅपटॉप दाखवून मग माझ्याकडे आणला होता. व्यापाऱ्यांच्या मीटिंगमध्ये ते कुणालाच दिसत नव्हते. कॅमेऱ्यावर सरकवायची एक इवलीशी झडप असते, ती बंद होती. मी ती नखाने सरकवली. ते आनंदले नाहीत, चांगलेच चिडले. एवढ्यासाठी आपण आजऱ्याहून आलो, हे त्यांना सहन होईना.

असं झालं की हसू यायचं, पण कायम असंच व्हायचं नाही. बँकेत नोकरी करणारी एक तरुण मुलगी एकदा आली होती. तिच्या लॅपटॉपचा कॅमेऱ्याचा दिवा मधूनच आपोआप लागायचा. मला आत एक प्रोग्रॅम सापडला, जो बाहेरच्या माणसाला तिच्या मशीनमध्ये येऊ देत होता. फुकट गाणी उतरवून घेताना तो सोबत आला होता. मी तो काढला, सगळं स्वच्छ केलं. तिने एकच विचारलं, "कुणी बघितलं असेल का?" बघितलं नसेल, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही आणि बघितलं असेल, हे म्हणवेना. ती लॅपटॉप न घेताच उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने तो नेला. ते अजून मला टोचतं. त्यानंतर कॅमेऱ्याचा दिवा विनाकारण लागलेला दिसला की मी आधी इंटरनेट तोडायची.

दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी दुकान उघडून मी देवाला उदबत्ती लावत होते, तेवढ्यात दोघी जणी आल्या. पुढे तिशीतली एक बाई. टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप तिने लहान मुलासारखा छातीशी धरलेला. मागे तिची सासू, काठापदराचं लुगडं, हातात कापडी पिशवी. सुनेचं नाव स्वप्नाली. सासूला ती आत्ती म्हणत होती, आमच्या सीमेकडच्या गावांत म्हणतात तसं. दोघी हुपरीहून पहिल्या एसटीने आल्या होत्या.

स्वप्नाली बसली नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मीच केलंय. दुपारी तीनला माझी परीक्षा हाय."

मीच केलंय, असं म्हणणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं असेल. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगायला सांगितलं. आत्ती दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी पाणी घेतलं नाही.

हुपरीत घराघरांत चांदीचं काम चालतं. यांच्याही घरी खाली कारखाना, वर राहणं. नवरा आणि दीर पैंजण करतात, जोडकामाला घरातल्या बायका बसतात. स्वप्नाली जयसिंगपूरची, लग्नाआधी कॉमर्सला होती, शिक्षण अर्ध्यावर राहिलेलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने हिशेबनिसाचा एक मोठा अभ्यासक्रम घरबसल्या लावला होता. सगळे पेपर झाले होते, शेवटचा एक राहिला होता. त्यात ती आधी नापास झालेली आणि आता ही अखेरची संधी होती. या वेळी बसता आलं नाही तर सगळं पहिल्यापासून करायचं, असा त्या संस्थेचा नियम. "आणि पहिल्यापासनं आता मला कोण करू देणार?" हे ती आवाज खाली न आणता, दाराकडे न बघता बोलली. आत्ती रस्त्याकडे बघत होत्या.

परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर. लांबचा कुणी पर्यवेक्षक त्यातून बघत असतो. तोंड दिसलं नाही तर पेपर उघडतच नाही. नवरात्राच्या आधी सराव परीक्षा झाली तेव्हा सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्याच वेळी तिचा लॅपटॉप आणि त्यातला कॅमेरा संस्थेकडे नोंदला गेला. त्यामुळे दुसऱ्याचा लॅपटॉप आणून भागण्यासारखं नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिने सहज कॅमेरा लावून बघितला, तर चेहरा दिसेना. घाबरून तिने इंटरनेटवर शोधलं. कॅमेरा दुरुस्त करून देतो म्हणणारं एक मोठं हिरवं बटण दिसलं. ते तिने दाबलं. मग 'पुढे', 'पुढे', 'मान्य', 'पुढे'. त्यानंतर कॅमेरा पूर्ण काळा झाला, पडद्यावर जाहिराती उड्या मारायला लागल्या आणि दिवा लागला तो विझेचना.

मी लॅपटॉप उघडला. दिवा चालू होता. पहिलं काम केलं ते इंटरनेट तोडण्याचं. मग काय काय आत आलंय ते बघितलं.

हे नको असलेले प्रोग्रॅम कसे येतात, ते सांगते. तुम्ही एकाला बोलावता, तो येताना चार जणांना घेऊन येतो, लग्नात नवरदेवाच्या मागून जेवायला येणाऱ्या मित्रांसारखे. त्यांची नावं त्या 'मान्य' च्या वर बारीक अक्षरांत लिहिलेली असतात, पण ती कुणी वाचत नाही. मीही कधी वाचत नाही, गिऱ्हाइकांना मात्र वाचा म्हणून सांगते. स्वप्नालीच्या मशीनमध्ये एक जाहिरातवाला होता, एक मशीन साफ करून देतो म्हणणारा होता आणि मुख्य होता तो खोटा कॅमेरा. म्हणजे असं की खऱ्या कॅमेऱ्याला तो मागे ढकलून स्वतः पुढे उभा राहतो आणि विचारणाऱ्याला सांगतो, मीच कॅमेरा. परीक्षेचा प्रोग्रॅम त्याच्याकडे बघायचा आणि त्याला दिसायचा काळा पडदा. खरा कॅमेरा त्याने मागे धरून ठेवलेला, म्हणून दिवा जळत राहिलेला.

स्वप्नालीने विचारलं, "मॅडम, रातभर दिवा लागला होता. कुणी बघितलं असंल का?"

पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी आधी शोधलं आणि मग बोलले. बाहेरच्या माणसाला आत घेणारं काही मला त्यात दिसलं नाही. तेवढंच मी तिला सांगितलं, शपथेवर नाही, पण सांगितलं. बँकेचे वगैरे पासवर्ड फोनवरून बदलून घे म्हटलं. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

मी तो खोटा कॅमेरा काढून टाकला. मशीन बंद करून चालू केलं, तर स्वारी पुन्हा हजर. मशीन सुरू होताच त्याला परत बसवणारा एक चमचा आत लपून बसला होता. तो शोधायला वेळ गेला. मध्येच एक गिऱ्हाईक येऊन प्रिंटरची शाई मागायला लागलं, त्याला मी जरा जास्तच तोडून बोलले. स्वप्नाली माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, ह्ये बाहेरनं झालंय का घरातनं?"

मला कळलं नाही. तिने दाराकडे नजर टाकली आणि पुढचं आणखी हळू सांगितलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती मध्ये दोन दिवस जयसिंगपूरला जाऊन आली होती. जाताना लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही, असं घरात बजावून गेली होती. परत आल्यावर तो तिला ठेवला तिथेच, पण उलट्या तोंडाने दिसला. दिवाळीच्या तोंडावर पैंजणांचं काम अंगावर असताना ही वर बसून अभ्यास करते, हे घरात कुणाला आवडत नव्हतं. ह्या वयात कसली परीक्षा, असं आत्ती तिला चार बायकांत बोलल्या होत्या. आणि आज त्याच आत्ती, मुलगा नको म्हणत असताना, हट्टाने सोबत आल्या होत्या. का आल्या, हे त्यांनी एसटीत सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, हा प्रोग्रॅम तुझ्याच हाताने आलाय, त्याची वेळ नोंदलेली असते, कालच्या संध्याकाळची आहे. तिने ती वेळ पडद्यावर वाचली. पण तिचं समाधान झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आता माझंही होईना. दारात बसलेल्या त्या म्हातारीकडे मीही वेगळ्या नजरेने बघायला लागले.

शेवटी तो लपलेला चमचा सापडला. सगळं उपटून काढलं, मशीन पुन्हा चालू केलं. जाहिराती गेल्या. यादीत एकच कॅमेरा उरला, खरा. दिवा विझलेला होता. मी कॅमेरा उघडला, दिवा लागला, आणि पडद्यावर चित्र आलं.

चित्र म्हणजे काळसर लाल अंधार. डोळे मिटून उन्हाकडे तोंड केल्यावर दिसतो तसा. त्यात कुठेतरी स्वप्नालीच्या डोक्याची सावली हलत होती.

"असंच," ती म्हणाली. "काल पैल्यांदा असंच दिसत होतं. म्हणून तर मी त्ये बटण दाबलं."

म्हणजे मी सकाळभर दुसऱ्या आजारावर औषध देत होते. प्रोग्रॅम नंतर आला होता, मूळ दुखणं त्याच्या आधीचं होतं. चित्र असं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा कॅमेराच गेलेला असतो. तो बदलायचा तर सुटा भाग पुण्याहून मागवावा लागतो, म्हणजे उद्या, परवा. मी माझ्याकडचा बाहेरून जोडायचा कॅमेरा लावून बघितला. परीक्षेच्या प्रोग्रॅमने तो घेतला नाही, नोंदलेला कॅमेराच हवा, असं लिहून दाखवलं. स्वप्नालीने संस्थेचा नंबर लावला. तिकडे गाणं वाजत राहिलं. तिने फोन कानाला लावलेला, डोळे माझ्यावर.

असं झालं की मी एक करायची. मशीनमध्ये काय चाललंय ते सोडून द्यायचं आणि वस्तूकडे वस्तू म्हणून बघायचं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग माझ्याकडे होतं. ते लावून, बॅटरीच्या उजेडात, मी ती काळी पट्टी तपासली. वरून पट्टी चकचकीत होती, कुणीतरी नीट पुसलेली. पण कॅमेऱ्यावरचं ते बारीक भोक किंचित खोलगट असतं. ते काहीतरी वाळून भरलेलं होतं. काळ्यावर काळपट, नुसत्या डोळ्यांना कधी दिसलं नसतं.

काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, हलकेच फिरवला. कापूस लाल झाला.

स्वप्नालीने फोन खाली ठेवला. लाल कापसाकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "नेलपॉलिश," ती म्हणाली. "कुणीतर लावलंय. मुद्दाम लावलंय." आणि ती वळली. इतका वेळ दाबून धरलेला तिचा आवाज सुटला. "आत्ती, माझ्या लॅपटॉपला कोण हात लावलं होतं? खरं सांगा मला."

आत्ती स्टुलावरून उठल्या. मला वाटलं, आता दुकानात भांडण होणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्या लावलंय. नेलपालिश न्हवं त्ये. कुक्कू हाय."

स्वप्नाली माझ्या हातातल्या काडीकडे बघायला लागली.

"खंडेनवमीला तू आईकडं गेलतीस. म्या खाली समदी हत्यारं धुऊन मांडली. ऐरण मांडली, हातोडी, सांडशी, तार वडायची जंतरी. थोरल्याची मांडली, धाकल्याची मांडली. मग तुझं काय मांडायचं? तुझं हत्यार ह्येच की." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "उगडून ठेवलं. हळद-कुक्कू लावलं, फूल वाहिलं. तू वरडशील म्हणून दुसऱ्या दिशी वल्या फडक्यानं पुसून ठेवलं परत. काल तुझा कॅमेरा चालंना म्हणल्यापास्नं मला झोप न्हाय, म्हणून तर संगं आलो."

आमच्याकडे खंडेनवमीला ज्या वस्तूवर माणसाचं पोट चालतं ती वस्तू पूजतात. शेतकरी औतं मांडतो, सुतार करवत मांडतो, माझ्या दुकानात मी स्क्रूड्रायव्हर मांडायची. त्या दिवशी हत्यारं वापरायची नाहीत, त्यांना विश्रांती. आत्तींनी लॅपटॉप उघडला असणार, त्यांच्यासमोर तो चौकोनी चेहरा उभा राहिला असणार, आणि कपाळ जिथे असतं तिथे, वर मधोमध, त्यांनी ओल्या बोटाने कुंकू लावलं होतं. कॅमेरा नेमका तिथेच असतो.

स्वप्नाली खुर्चीत बसली. ती रडली नाही. सासूकडे बघत राहिली, आणि सासू जमिनीकडे. घड्याळ पुढे चाललं होतं. मी पुन्हा काडी घेतली. वाळलेलं कुंकू काढणं सोपं नसतं. जोर लावला तर काचेवर चरा पडतो, मग सगळंच संपलं. थोडं स्पिरिट, थोडं थांबणं, थोडा कापूस. लाल, मग गुलाबी, मग पिवळा, कारण खाली हळद होती. स्वप्नाली माझ्या उजव्या खांद्यापाशी, आत्ती डाव्या. दोघींचाही श्वास मला ऐकू येत होता.

कापूस पांढरा निघाला. मी कॅमेरा लावला. पडद्यावर आम्ही तिघी दिसलो, एकमेकींना चिकटलेल्या, तीन घाबरलेली तोंडं. आत्तींनी पदर डोक्यावर सारखा केला.

हुपरीला जाऊन परीक्षेला बसायला आता वेळ उरला नव्हता. एसटी वेळेवर मिळाली तरी बसण्याआधीची तपासणी चुकली असती. मी म्हटलं, इथेच बस. मागे माझी एक खोली होती, जिथे मी जुने बोर्ड आणि डबे रचून ठेवायची. तिघींनी मिळून तिथलं टेबल मोकळं केलं. इन्व्हर्टर बघितला, इंटरनेटची तार दोनदा तपासली. लाईट गेली तर, तार निसटली तर, तो चमचा पुन्हा उगवला तर, असं माझ्या मनात चालू होतं. पर्यवेक्षकाचा आवाज आला. त्याने तिला लॅपटॉप गोल फिरवून खोली दाखवायला सांगितलं. खोलीत दुसरं कुणी असता कामा नये. मी आत्तींना बाहेर घेऊन आले आणि दार ओढून घेतलं. आतून स्वप्नालीचा आवाज आला, नाव सांगत होती. पेपर उघडला होता.

दुकानाचं शटर मी अर्धं ओढलं. आत्ती पायरीवर जाऊन बसल्या, मीही शेजारी टेकले. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग विचारलं, "माज्यामुळं गेली असती व्हय परीक्षा?" नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण त्यांना खोटं सांगवेना. गेली असती, म्हटलं. पण आता नाही गेली.

त्या म्हणाल्या, "ह्या वयात कसली परीक्षा म्हणालतो मी. व्हय, म्हणालतो की. अजून बी मला त्यातलं काय कळत न्हाय. पर घरात समद्यांची हत्यारं मांडायची आन् हिचंच वर एकलं ठेवायचं, त्ये बरं दिसतंय का?"

दुसऱ्या कुणाची सुनेवरची, कधी न दाखवलेली माया बघून आपल्याला रडू येऊ नये, पण आलं. मी डोळे पुसले, शटरच्या धुळीवर ढकललं.

त्या दुपारी तीन-चार गिऱ्हाइकं आली असतील. आत्तींनी मला उठूच दिलं नाही. कुणी पायरीजवळ आलं की आत्ती हात आडवा करायच्या. "पावणं, थांबा. आत सुनंची परीक्षा हाय." एकाने विचारलं, कसली परीक्षा? तर म्हणाल्या, "त्ये मला ठावं न्हाय. पर गप उभा ऱ्हावा." गल्लीत हॉर्न वाजवणाऱ्या एका पोरट्याला त्यांनी असं काही झापलं की तो गाडी बंद करून ढकलत घेऊन गेला.

मधल्या काळात मी किती वेळा दाराला कान लावला, ते विचारू नका. आत नुसता बटणांचा आवाज. तो थांबला की मी घाबरायची आणि सुरू झाला की हायसं वाटायचं.

महिनाभराने तिचा निकाल लागला आणि ती पास झाली. तिने फोन करून सांगितलं, मी दुकानात पेढे वाटले. मी कितीही जणांचे लॅपटॉप वाचवले असले, तरी असा दिवस पुन्हा आला नाही. पण फोनपेक्षा मला लक्षात राहिलंय ते त्या दिवशीचं, परीक्षा संपल्यानंतरचं.

दार उघडलं आणि स्वप्नाली बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल, लॅपटॉप मिटून काखेत. पायरीपाशी थांबली. आत्ती गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. जमलं का, कसा गेला, काहीच विचारलं नाही. विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं, हे मला दिसत होतं.

स्वप्नाली म्हणाली, "आत्ती, फुडच्या खंडेनवमीला ह्येला मांडा परत. पर कुक्कू तेवढं मागल्या बाजूला लावा, पाठीवर."

आत्तींनी लॅपटॉप तिच्या हातातून घेतला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि स्वतःच्या छातीशी धरला.

"पाठीला कोण कुक्कू लावतंय व्हय गं?" त्या म्हणाल्या. "तू माझ्याजवळ बस आन् कपाळ कुठलं त्ये दाखीव."